आजची कालवड, उद्याची गाय



कृष्णाकाठी उसाच्या जोडीला, तर माण, खटाव, जत, आटपाडीच्या अवर्षणग्रस्त टापूत शेतीचा आधार म्हणून संकरित गाय दावणीला आली. भिलवडीस चितळे यांची डेअरी १९३९ साली निघाली. तेव्हापासून या भागात दुधाचे मोल वाढतच गेले. मात्र डेअरीत घालायचे दूध वाचावे म्हणून वासराच्या तोंडचे दूध तोडले, तर उद्याची गाय आपण आजच गमावतो.

नवजात वासराच्या अंगी रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. ती चिकातून मिळते. चिकातील प्रतिपिंडे शोषण्याची आतड्यांची क्षमता तासागणिक घटत जाते आणि चोवीस तासांत संपुष्टात येते. म्हणून जार पडण्याची वाट न पाहता पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जावा. खरवस अवश्य करावा, पण वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा.

वासरू वेगळे वाढवायचे असल्यास स्वच्छ बोटे दुधात बुडवून त्याला चोखू द्यावीत आणि हात हळूहळू बादलीत न्यावा. तोंड दुधात दाबू नये. दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दूध अंगच्या उबेइतके कोमट असावे, वेळा ठरलेल्या असाव्यात आणि प्रत्येक वेळी बादली धुतलेली असावी. पहिल्या महिन्यात वजनाच्या दहावा, दुसऱ्यात पंधरावा व तिसऱ्यात विसावा हिस्सा दूध द्यावे. तीस किलोच्या वासरास तीन लिटर पुरते. पुढे साठ किलोच्या वासरासही तेवढेच पुरते. कारण दुसऱ्या आठवड्यापासून समोर ठेवलेला खुराक, कोवळे गवत व स्वच्छ पाणी यांनी त्याचे मोठे पोट तयार होत असते. हगवण लागल्यास किंवा जंतांचे औषध द्यायचे असल्यास पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा.

म्हशी व देशी गाई वासराविना पान्हा चोरतात. तेथे वासरू पायाशी ठेवणेच इष्ट. मात्र त्याच्या वाट्याचे दूध सडात राखावे.

पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हे वेळापत्रक चावडीत आणि शाळेच्या फळ्यावर लिहावे, ही विनंती. गोठ्यात वासरांची निगा बहुधा घरच्या स्त्रिया व मुलेच राखतात. ही माहिती प्रथम त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.