घराची पत आणि सिबिलचा आकडा

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे. तेव्हा थोडक्यात बोलतो.

सयाजीराव महाराजांनी १९०८ साली आपल्या गावात बँक ऑफ बडोदा काढली. तरी आपल्या बऱ्याच घरांतली शिकवण एकच, कर्ज नको. माझे वडील दांडिया बाजारात भाड्याच्या घरात राहिले, पण कुणाचं देणं ठेवलं नाही. कोपऱ्यावरचा वाणी महिन्याचं सामान त्यांना निःशंक उधार द्यायचा. ही त्यांची पत.

आता ही पत नोंदीत असते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था आपल्या कर्जांचा हिशेब ठेवतात आणि ३०० ते ९०० मधला एक आकडा देतात. साधारणपणे ७५० च्या वर असला तर चांगला समजतात. गंमत अशी, की बचत खातं, ठेवी, विमा यांचा त्यात काही संबंध नाही. कर्ज घेऊन ते कसं फेडलं, एवढंच तिथे पाहतात. माझ्या वडिलांची तिथे नोंदच निघाली नसती!

आता माझीच गोष्ट सांगतो. मी तीस वर्षं कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली, तरी फसलो. बहिणीच्या मुलाने दुकानासाठी कर्ज काढलं. म्हणाला, "मामा, फक्त सही हवी." मी जामीन म्हणून सही केली आणि विसरलो. चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो, तर साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. भाच्याचे हप्ते थकले होते आणि ती थकबाकी माझ्याही नावावर दिसत होती. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. नोटिसा जुन्या पत्त्यावर गेल्या होत्या, नवा पत्ता मीच कळवला नव्हता. मुलीची पहिल्या वर्षाची फी हिची ठेव मोडून भरली.

भाच्याला विचारलं, तर तो रडलाच. "मामा, धंदा बसला. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?" थोडे पैसे कमी भरून तडजोड करण्याचाही मार्ग होता. पण तसं केलं की खात्यापुढे 'बंद' असं न येता 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि पुढचा प्रत्येक सावकार तो वाचतो. म्हणून आम्ही दोघांनी मिळून पूर्ण रक्कम भरली, बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेतला. आकडा लगेच नाही वाढला, पण हळूहळू वर आला. दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी कर्ज मिळालं.

यातून शिकलो ते सांगतो. हप्ता आणि कार्डाचं बिल तारखेच्या आत भरा. खात्यातून आपोआप कापण्याची सोय करून ठेवा, आणि तेवढी शिल्लकही ठेवा. कार्डाचं बिल पूर्ण भरा. 'किमान रक्कम' भरून नोंद बिघडत नाही, पण उरलेल्यावर व्याज चढत राहतं. एक लाखाची मर्यादा असली, तर तीस हजारांच्या आत वापर बरा. एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्ज करू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते. स्वतःचा आकडा स्वतः पाहिल्याने मात्र तो कमी होत नाही.

ज्या मुलांची काहीच नोंद नाही, त्यांनी ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यावं, थोडं वापरावं, दरमहा फेडावं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो मागवून ओळन् ओळ वाचा. फेडलेलं कर्ज चालू दिसतं का, न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर आहे का, ते पाहा. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. 'पैसे द्या, आकडा वाढवून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही.

आणि शेवटचं. जामीन राहूच नका, असं मी म्हणणार नाही. आपली माणसं अडचणीत एकमेकांच्या मागे उभी राहिली, म्हणूनच परमुलखात आपली घरं टिकली. पण सही करताना एवढं ठरवून घ्या, की हप्ता चुकायची वेळ आली तर पहिला फोन जामीनदाराला. लाजेने लपवलेला एक हप्ता दोन घरांना पुरून उरतो.

माझा भाचा आज इथेच मांडवाची व्यवस्था पाहतो आहे. त्याला विचारूनच हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, सांगा. कुणाचं तरी भलं होईल."

गणपती बाप्पा मोरया!