साखळी-दुकानें आणि कोपऱ्यावरचा वाणी



आपल्या घरापासून चार पावलांवर किराण्याचें एक दुकान असतें. त्याचा मालक आपल्याला नांवानें ओळखतो, महिन्याचा हिशेब वहींत मांडून ठेवतो, आणि पोहे खवट निघाले तर मुकाट्यानें परत घेतो. त्याच रस्त्यावर एके दिवशीं एका मोठ्या कंपनीची पाटी लागते. तिच्या शेंकडों शाखांपैकीं ही एक शाखा. तेथें तोच साबण दोन रुपयांनीं स्वस्त. वाणी बेचैन होतो, आसपासचे दुकानदार जमतात, सभा भरतात, निवेदनें जातात. हा देखावा आपण आपल्या शहरांतून पाहिला आहे. परंतु हेंच भांडण फार मोठ्या प्रमाणावर आणि पुष्कळ वर्षें लढलें गेलें तें अमेरिकेंत, दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत. त्या लढ्याची हकीकत आज सांगावयाची आहे. लढणाऱ्या दुकानदारांची बाजू बरीचशी न्याय्य होती. तथापि त्यांनीं नेम भलत्याच ठिकाणीं धरला, आणि त्याचें फळ त्यांच्याच पदरांत पडलें.

या लढ्यांतील मुख्य प्रतिपक्षी म्हणजे ‘ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी’. तिकडचे लोक तिला नुसतें ‘ए अँड पी’ म्हणत. १८५९ सालीं न्यूयॉर्कमध्यें चहाचा व्यापार म्हणून ती निघाली आणि हळूहळू किराण्यांत शिरली. १९१२ पर्यंत तिचीं दुकानें पांचशेंच्या आंतच होतीं, आणि तीं इतरांसारखींच चालत. त्या काळच्या अमेरिकन दुकानाचें चित्र आपल्याला मुळींच परकें वाटणार नाहीं. पुढें लांब फळी, मागें पिंपें आणि पोतीं. गिऱ्हाइकानें यादी सांगावयाची, नोकरानें वजन करून पुडे बांधावयाचे, पोऱ्यानें माल घरीं नेऊन टाकावयाचा, आणि पैसे मिळावयाचे ते पगार झाल्यावर. १९१२ सालीं मालकाच्या मुलांपैकीं जॉन हार्टफर्ड यानें एक निराळा प्रयोग मांडला. लहानसें दुकान, तेथें एकच माणूस, घरपोंच माल नाहीं, उधारी नाहीं. रोख पैसे टाका आणि पिशवी उचला. भाव मात्र उतरलेले. १९३० च्या सुमारास कंपनीचीं दुकानें पंधरा हजारांवर गेलीं, आणि वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरांच्या घरांत पोंचली.

ही स्वस्ताई आली कोठून? या प्रश्नापाशीं थोडें थांबलें पाहिजे, कारण पुढचा सारा घोटाळा याचें उत्तर सरसकट दिल्यामुळें झाला. तिचे झरे दोन होते. एक झरा खऱ्या बचतीचा. उधारी कोणालाच फुकट पडत नाहीं. बुडालेल्या खात्याची रक्कम शेवटीं रोखीनें घेणाराच्या साखरेंतून आणि पिठांतून वसूल होते. हें वाण्याला पक्कें ठाऊक असतें, गिऱ्हाइकाला क्वचित्. उधारी नाहीं, पोऱ्याचा पगार नाहीं, मधला घाऊक व्यापारी नाहीं, स्वतःच्या वखारी आणि स्वतःच्या भट्ट्या, माल फळीवर पडून राहत नाहीं. एवढ्यानें भाव उतरला तर त्यांत कोणावरहि अन्याय झाला असें म्हणतां येणार नाहीं. दुसरा झरा निराळा होता. इतका प्रचंड माल घेणारें गिऱ्हाईक कारखानदाराच्या दारांत उभें राहिलें, म्हणजे तें कमी भाव मागतें, आणि त्यावर आणखी कांहीं मागतें. जाहिरातीचा भत्ता मागतें. जी दलाली कोणी केलीच नाहीं तिचीहि रक्कम मागतें. पुढें १९३५ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या चौकशींत उघड झालें कीं, या एका कंपनीला वर्षाकाठीं सुमारें ६० लाख डॉलर जाहिरातीच्या भत्त्यापोटीं आणि २० लाख डॉलर दलालीपोटीं मिळत होते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तोच कारखानदार यांतली एक कवडीहि देत नसे. म्हणजे दुकानदार फळीवर हरण्यापूर्वींच, त्याला दिसतहि नाहीं अशा ठिकाणीं, खरेदींत हरलेला असे.

दुकानदारांना जें दिसत होतें तें दुसरेंच होतें. गांवचा पैसा न्यूयॉर्कला जातो. शाखेवर बसणारा माणूस म्हणजे पगारी कारकून, आज येथें तर उद्यां दुसरीकडे. गांवच्या देवळाच्या किंवा शाळेच्या वर्गणीला तो हात आंखडता घेतो. आणि गांवच्या हुषार मुलाला उद्यां स्वतःचें दुकान काढण्याची आशाच उरत नाहीं. या तक्रारींत तथ्य होतें. १९२९ नंतरच्या मंदींत तर तें फार जाणवलें. कारखाना बंद पडलेल्या कुटुंबाला कित्येक महिने जगविलें तें ओळखीच्या दुकानदाराच्या वहीनें. कंपनीच्या शाखेंत वही नव्हतीच. परंतु ज्या गृहिणीच्या हातीं थोडे का होईनात रोख पैसे होते, ती त्याच मंदींत शाखेकडे वळली, आणि तिला दोष कोण देईल? एकाच वस्तींतील दोन गरजू घरांचें हित येथें एकमेकांच्या आड आलें होतें.

या चळवळीला आवाज दिला तो नभोवाणीनें. लुइझियाना राज्यांतील श्रीव्हपोर्ट या गांवीं विल्यम हेंडरसन नांवाचा ओतकामाच्या कारखान्याचा एक मालक होता. त्याचें स्वतःचें प्रक्षेपण-केंद्र होतें. १९२९ च्या सुमारास त्यानें साखळी-दुकानांवर रात्रीमागून रात्री झोड उठविण्यास आरंभ केला. भाषा रांगडी, मधून मधून शिवराळहि; पण दूरदूरच्या लहान गांवांतील दुकानदार कान देऊन ऐकत, आणि त्याच्या ‘मर्चंट्स मिनिट मेन’ या संस्थेचे वर्गणीदार होत. जातां जातां हेंहि सांगितलें पाहिजे कीं, हा गृहस्थ त्याच केंद्रावरून आपल्या नांवाची कॉफी एक डॉलर रत्तल या चढ्या भावानें विकत असे. लोकहिताचीं भाषणें ऐकतांना वक्त्याचें स्वतःचें दुकान कोठें आहे हें पाहून ठेवावें, हें आमच्या या माध्यमालाहि तितकेंच लागू आहे.

आतां उपाय काय निघाला तो पहा. १९२९ सालीं इंडियाना राज्यानें कायदा केला: ज्याचें एकच दुकान त्यानें वर्षाला ३ डॉलर कर द्यावा, दुकानें वाढतील तसा दर चढत जाईल, आणि विसाच्या पुढील प्रत्येक दुकानाला २५ डॉलर पडतील. इंडियानापोलिस शहरांत २२५ दुकानें असणारा एक मालक कोर्टांत गेला. १९३१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं कर वैध ठरविला. झालें! एकामागून एक राज्यें तो कित्ता गिरवूं लागलीं, आणि दहा वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनीं असे कायदे केले. १९३३ सालीं फ्लॉरिडाच्या अशाच कायद्यांतील एक कलम न्यायालयानें रद्द केलें, तेव्हां न्यायमूर्ति ब्रँडाइस यांनीं आपलें विरुद्ध मत लिहून ठेवलें. अवाढव्य संस्थांमुळें सामान्य नागरिकाची संधि हिरावली जाते असें एखाद्या राज्यांतील लोकांना वाटलें, तर त्या संस्थांना आवर घालण्याचा त्यांना अधिकार आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुकानदारांच्या बाजूनें याहून भारदस्त युक्तिवाद कोणी केला असेल असें मला वाटत नाहीं. लुइझियानानें तर १९३४ सालीं कंपनीचीं देशभरांतील दुकानें मोजून त्यावरून आपल्या राज्यांतील कर ठरविला. पांचशेंहून अधिक दुकानें असणाऱ्या कंपनीला दर दुकानीं ५५० डॉलर! तोहि कायदा १९३७ सालीं टिकला.

या सर्व कायद्यांनीं मोजलें काय? दुकानांच्या दारांची संख्या. आणि येथेंच घात झाला. १९३० च्या ऑगस्टमध्यें न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत मायकेल कलन नांवाच्या माणसानें एका रिकाम्या मोटारखान्यांत प्रचंड दुकान थाटलें. माल ढिगानें रचलेला, गिऱ्हाइकानें स्वतः उचलावयाचा, मोटारी उभ्या करण्यास बाहेर मोकळी जागा. आज ज्याला आपण सुपरमार्केट म्हणतों त्याचा हा एक पहिला अवतार. ए अँड पीचे चालक प्रथम याकडे दुर्लक्ष करीत होते. परंतु दर दारामागें कर वाढूं लागला, तसा त्यांनींहि हिशेब मांडला: पांच-सहा लहान शाखा मिटवाव्या आणि त्यांच्याऐवजीं एक मोठें दुकान काढावें. कर एकाच दाराचा, विक्री सगळ्यांची. मोटार आणि घरोघर आलेलें शीतकपाट हींहि याला कारण झालीं. सारें कराच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. पण करानें त्या वाटेवर ढकललें यांत शंका नाहीं. १९५० च्या सुमारास कंपनीचीं दुकानें पंधरा हजारांवरून साडेचार हजारांच्या आसपास आलीं होतीं, आणि विक्री मात्र तीन अब्ज डॉलरांच्या वर गेली होती. शेजारच्या लहानशा शाखेशीं कोपऱ्यावरचा दुकानदार कसाबसा टक्कर देत होता. या नव्या बाजारापुढें त्याचा निभाव लागणें फारच कठीण झालें. ज्या आजीबाई मोटार चालवीत नव्हत्या, त्यांच्या जवळचें स्वतंत्र दुकान गेलें आणि जवळची शाखाहि गेली.

ग्राहकाला विचारलें तेव्हां त्यानें काय सांगितलें, हेंहि नोंदलेलें आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें १९३५ सालीं कर बसविला. कंपन्यांनीं तो सार्वमताला नेला. १९३६ सालीं तेथें पीच फळांचें पीक इतकें आलें कीं भाव कोसळले, तेव्हां साखळी-दुकानांनीं देशभर मोहीम काढून तीं फळें खपविलीं. शेतकरी खूष झाला, आणि त्या नोव्हेंबरांत मतदारांनीं कर फेटाळून लावला. ही मोहीम परोपकारानें निघाली असें मानण्याइतकें आपण भोळे नसावें. पण दुकानदारांच्या संघटनांना शेतकऱ्याची आठवण झाली नव्हती, हेंहि खरें.

योग्य ठिकाणीं नेम धरणारा एकच कायदा झाला, तो १९३६ सालचा रॉबिन्सन-पॅटमन कायदा. टेक्ससचे प्रतिनिधि राइट पॅटमन आणि आर्कान्सासचे सेनेटर रॉबिन्सन हे त्याचे कर्ते. एकच माल, एकच प्रत, तर कारखानदारानें दोन गिऱ्हाइकांना दोन भाव लावून स्पर्धा मारूं नये. मोठ्या खरेदीमुळें खर्च खरोखर वांचत असेल तेवढीच सूट द्यावी. खोट्या दलालीला मनाई. पहिल्या झऱ्याला हात न लावतां दुसरा झरा बुजविण्याचा हा प्रयत्न होता. दुर्दैव असें कीं पॅटमनसाहेबांनाच तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. १९३८ सालीं त्यांनीं पुन्हां दारें मोजणारें विधेयक आणलें: दर दुकानाचा कर, आणि त्याला कंपनी जितक्या राज्यांत आहे तितक्या राज्यांनीं गुणावयाचें! कंपनीच्या नफ्याच्या कित्येक पट कर झाला असता. लोक त्याला ‘मृत्युदंडाचें विधेयक’ म्हणत. शेतकरी आणि कामगार संघ विरोधांत उभे राहिले, आणि १९४० सालीं तें विधेयक निकालांत निघालें. त्याबरोबर चळवळीचा जोरहि ओसरला. ए अँड पीला १९४६ सालीं व्यापार-निर्बंधाच्या कायद्याखालीं दोषी ठरवून १,७५,००० डॉलर दंड झाला, १९४९ सालीं तो अपिलांत कायम झाला. तिचा शेवट मात्र कोणत्याच कायद्यानें झाला नाहीं. तिच्याहून मोठ्या व स्वस्त दुकानांनीं तिला गिळलें, आणि २०१५ सालीं दिवाळें निघून तिचीं उरलेलीं दुकानें विकलीं गेलीं अथवा बंद झालीं. उलट, १९२६ सालीं लहान दुकानदारांच्या एकत्र खरेदीसाठीं निघालेला ‘आय. जी. ए.’ हा संघ आजहि चालू आहे.

आतां आपल्याकडे वळूं. २००७ सालीं रांचीस मोठ्या कंपनीच्या भाजी-दुकानांवर हल्ले झाले, आणि उत्तर प्रदेश सरकारनें अशीं दुकानें बंद करविलीं. त्यानंतर ‘इक्रियर’ या संस्थेनें सरकारसाठीं केलेल्या पाहणीचा अहवाल २००८ सालीं आला. मोठ्या दुकानाजवळच्या लहान दुकानांची विक्री आरंभीं घटते, पण हा परिणाम काळानें मंदावतो. वर्षाला शेंकडा ४.२ दुकानें बंद पडतात, त्यांत मोठ्यांच्या स्पर्धेमुळें शेंकडा १.७; असा त्याचा निष्कर्ष. कमी मिळकतीच्या गिऱ्हाइकाचा फायदा अधिक होतो असेंहि त्यांत म्हटलें होतें. २०१२ च्या सप्टेंबरांत परदेशी भांडवलाला शेंकडा ५१ पर्यंत परवानगी मिळाली, २० तारखेस भारत-बंद झाला, आणि ५ डिसेंबरास लोकसभेंत २५३ विरुद्ध २१८ मतांनीं सरकार तरलें. त्या परवानगीच्या अटींत दहा लाख वस्तीचें शहर होतें, दहा कोटि डॉलरांचें भांडवल होतें, लहान कारखान्यांकडून शेंकडा ३० खरेदीहि होती. कारखानदारानें मोठ्याला आणि लहानाला कोणत्या भावानें माल द्यावा, याविषयीं मात्र अट नव्हती.

तो प्रश्न पुढें महाराष्ट्रांतच उभा राहिला, आणि सभा किंवा मोर्चा न काढतां. २०२२ च्या जानेवारींत माल पोंचविणाऱ्या वितरकांच्या संघटनेनें कोलगेट कंपनीच्या कांहीं मालाचा पुरवठा राज्यांत थांबविला. तक्रार एवढीच: मोठ्या कंपन्यांच्या घाऊक व ऑनलाइन विक्रीला जो भाव मिळतो, तो आमच्याकडून माल घेणाऱ्या किराणा-दुकानदाराला मिळत नाहीं, दोघांना एक भाव द्या. पुढें बोलणीं होऊन पुरवठा पूर्ववत् झाला. वाण्याच्या वतीनें या देशांत झालेल्या विरोधांत हा मला सर्वांत नेमका वाटतो. कारण त्यांत शेजारचें दुकान बंद करा अशी मागणीच नव्हती, आणि ग्राहकाचे दोन रुपये हिरावून घेण्याचीहि नव्हती.