कानाला पान उलटता येत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाणे लिहिणाऱ्याने ऐकणाऱ्याशी बोलायचे कसे, हे मला एका आजीबाईंनी शिकवले. ती गोष्ट सांगतो.

साल १९८८. मी तेव्हा शाळामास्तर होतो आणि हौसेने गाणी लिहीत असे. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी कसे करून द्यावे, यावर खेड्यापाड्यांतल्या बायकांसाठी एक गाणे लिहायचे काम माझ्याकडे आले. प्रमाण ठरलेले होते : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मी यमके जुळवली, ढोलकीवर चाल बसली, आणि आम्ही एका गावच्या पारावर ते गायलो. टाळ्याही पडल्या.

नंतर मी सहज विचारले, ‘मावशी, मीठ किती घालायचं?’ समोरच्या आजी म्हणाल्या, ‘चमचाभर की!’ शेजारणींनीही माना डोलावल्या.

माझ्या पोटात गोळा आला. मीठ दुप्पट झाले तर ते पाणी तान्ह्या लेकराला औषध होण्याऐवजी अपायच करते. माझ्या कागदावर तर ‘अर्धा’ स्पष्ट लिहिलेले होते. मग ते गेले कुठे? ओळीच्या शेवटी ‘अर्धा’ आणि पुढच्या ओळीच्या आरंभी ‘चमचा मीठ’, अशी मी मोडणी केली होती. गायक तिथेच श्वास घेई आणि नेमकी तिथेच ढोलकीची थाप पडे. ‘अर्धा’ थापेखाली बुडत होता.

आजींना मी माझी चूक सांगितली. त्या म्हणाल्या, ‘मास्तर, भोंडल्यात कसं, एकीनं विचारायचं नि बाकीच्यांनी सांगायचं. तसं करा.’ त्या रात्री मी गाणे नव्याने लिहिले. एकीने विचारायचे, ‘मीठ किती?’ ढोलकी थांबायची, आणि सगळ्याजणींनी म्हणायचे, ‘अर्धाच!’ दुसऱ्या दिवशी गावातली पोरेसुद्धा ‘अर्धाच!’ ओरडत हिंडत होती.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. वाचक अडला तर पान मागे उलटतो. कानाला पान उलटता येत नाही. म्हणून एका ओळीत एकच विचार असावा आणि जिथे अर्थ पुरा होतो तिथेच श्वास यावा. महत्त्वाचा शब्द समेवर यावा. लांब सुरावर ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ यांसारखा मोकळा स्वर असावा. तिथे जोडाक्षर आले की गायकाची जीभ अडते आणि शब्द पुसट होतो. आणि जे लक्षात राहायला हवे ते ध्रुवपदात ठेवावे, कारण तेच पुन्हापुन्हा कानांवर पडते.

सोपे म्हणजे बाळबोध, असा मात्र अर्थ नव्हे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाले. छप्पन्न गीते! त्यात संस्कृत शब्द थोडेथोडके नाहीत. तरी श्रोता अडखळत नाही. कारण कोण बोलते आहे, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी, हे गीताच्या आरंभीच कळते. एकदा प्रसंग कळला, की अनोळखी शब्दाचा हातही श्रोता धरतो. दुसरीकडे बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कामे करता करता त्यांनी ओव्या रचल्या. त्या कानातूनच जन्मल्या आणि कानातच राहिल्या. पुस्तक निघाले ते त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली.

आजही नवे गाणे लिहून झाले की मी ते कुणाच्या हाती देत नाही. घरात काम करणाऱ्या कुणाला तरी एकदाच म्हणून दाखवतो आणि विचारतो, ‘काय ऐकलंत?’ उत्तर चुकले, तर दोष ऐकणाऱ्याचा धरत नाही. कागद पुन्हा पुढे ओढतो.