मोठ्या मॉडेल विमानांच्या पेट्रोल इंजिनातील ठिणगी

दूरनियंत्रित मॉडेल विमानांपैकी जी आकाराने मोठी, म्हणजे दोन मीटरहून अधिक पंखविस्ताराची असतात, त्यांच्यावर पुष्कळदा पेट्रोलवर चालणारे टू-स्ट्रोक इंजिन बसवलेले असते, आणि असे इंजिन हवेत अचानक बंद पडले की पहिला संशय कार्ब्युरेटरवर घेतला जातो. खरा दोष मात्र अनेकदा ठिणगीच्या वाटेवर कुठेतरी दडलेला असतो.

1930 च्या दशकात अमेरिकेत ब्राऊन ज्युनियरसारखी लहान पेट्रोल इंजिने मॉडेलांवर बसू लागली, तेव्हा पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि बॅटऱ्या हा ठिणगीसाठीचा सगळा संसार विमानालाच वाहून न्यावा लागे. 1947 च्या सुमारास रे आर्डेन यांचा ग्लो प्लग आला. त्यातील प्लॅटिनमयुक्त तार मेथॅनॉलच्या ज्वलनातच तापलेली राहत असल्याने इंजिन एकदा सुरू झाले की बाहेरून वीज लागत नसे, आणि तो संसार अडगळीत गेला. पुढे इंजिने मोठी झाली तेव्हा मेथॅनॉल परवडेना, कारण तेवढ्याच कामाला ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक जळते. मग लाकूड कापण्याच्या यांत्रिक करवतींची इंजिने विमानांवर चढली आणि ठिणगीही परत आली.

या इंजिनांत मॅग्नेटो असे, म्हणजे फिरत्या चाकातील चुंबक कॉइलसमोरून जाऊन वीज निर्माण करी. बॅटरीची कटकट नसल्याने ही रचना भरवशाची होती, पण चाक जड, आणि हाताने पंखा फिरवताना ठिणगी क्षीण. म्हणून आता बहुतेक ठिकाणी मोटारसायकलस्वारांच्या परिचयाची सीडीआय पद्धत वापरतात. तिच्यात बॅटरीचे पाच-सहा व्होल्ट काही शे व्होल्टांपर्यंत वाढवून कपॅसिटरमध्ये साठवले जातात, आणि पंखा ज्यावर आवळलेला असतो त्या हबमधील चुंबक हॉल सेन्सर नावाच्या चुंबकसंवेदी घटकासमोरून गेले की तो साठा एकदम कॉइलमध्ये रिकामा होऊन हजारो व्होल्टांचा दाब तयार होतो. हा दाब इतक्या झपाट्याने चढतो की काजळीने थोडा माखलेला प्लगही ठिणगी देतो. मिनिटाला 7000 फेऱ्यांच्या वेगात सेकंदाला सुमारे 117 ठिणग्या पडतात, आणि दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या जवळजवळ 30 अंश आधी ठिणगी पडत असेल, तर तेवढ्यात जेमतेम 0.7 मिलिसेकंद जातात.

प्लग बाहेर काढून ठिणगी पाहण्याची जुनी सवय येथे फसवी ठरते. हवेचा दाब वाढला की तीच फट ओलांडायला अधिक व्होल्ट लागतात; त्यामुळे उघड्यावर कडकडीत निळी दिसणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबाखाली पडेलच असे नाही, आणि प्लगची फट 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या आसपास राखण्याचा आग्रह याच कारणाने धरला जातो.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते प्लगच्या तारेवरील धातूच्या जाळीदार वेष्टणाकडे. पुष्कळांना ते निव्वळ रेडिओतील खरखर रोखणारे आवरण वाटते. वस्तुतः ठिणगीचा प्रवाह परत येण्याचा मार्गही तेच असते, आणि प्लगवरील टोपी सैल झाली किंवा इंजिनमागील लाकडी भिंतीच्या भोकात घासून जाळीचे धागे तुटू लागले, की तो प्रवाह सेन्सरच्या नाजूक तारांतून वाट काढतो व प्रसंगी सगळा संच निकामी करतो. 2.4 गिगाहर्ट्झचे रेडिओ आल्यापासून व्यत्यय फार कमी झाला, म्हणून हा दोष लवकर लक्षातच येत नाही. जुन्या 72 मेगाहर्ट्झच्या संचावर सुकाणू थरथरू लागले की तो ताबडतोब कळे. तरीही ठिणगीची बॅटरी वेगळी ठेवणे आणि तिचे सामान रिसीव्हरपासून सुमारे 30 सेंटिमीटर दूर बसवणे हा नियम अजून शहाणपणाचाच आहे.

सीडीआय पद्धतीचा एक गुण जमिनीवर धोक्याचा ठरतो. पंखा कितीही सावकाश फिरवला तरी चुंबक सेन्सरसमोरून गेल्याबरोबर पूर्ण जोराची ठिणगी पडते, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ उरली असेल तर पंखा बोटांवर उलट फिरू शकतो. म्हणून जाणकार पंख्याला हात लावण्यापूर्वी ठिणगीचा स्विच बंद असल्याची खात्री करतात आणि शिवाय ट्रान्समीटरवरून ती तोडणारा प्रकाशसंकेतावर चालणारा दुसरा स्विचही बसवून घेतात.