सेकंदाचा ठोका

बीड शहरीं सूर्य माध्यान्हीं येतो, तेव्हां तेथील घड्याळांत सरासरीनें १२ वाजून २७ मिनिटें झालेलीं असतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि बीड ७५.७६ अंशांवर, त्याचा हा परिणाम. गंमत अशी कीं, आपल्या जुन्या ज्योतिषांनीं उज्जयिनीची जी मध्यरेषा कालगणनेस धरली, तिच्यावरच बीड जवळजवळ नेमकें बसतें. त्या हिशेबानें बीडची वेळ हीच प्रमाणवेळ!

या २७ मिनिटांवांचून कोणाचें अडत नाहीं. त्याच जिल्ह्यांतील परळीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत मात्र सेकंदाचा हजारावा भागही मोजावा लागतो. वीजप्रवाहाची एक आवृत्ति सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत पुरी होते, आणि बिघाड झाला कीं एकामागून एक स्वयंचलित खटके पडूं लागतात. पहिला कोणता पडला, हें दूरदूरच्या केंद्रांतील नोंदी शेजारीं ठेवून ठरवावयाचें. घड्याळें जुळत नसतील तर कार्य आधीं व कारण मागून असें दिसतें, आणि ठपका निर्दोष यंत्रावर येतो. ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तर भारत अंधारांत बुडाला, तेव्हां घटनाक्रम लावण्यास अशा नोंदींचाच आधार होता.

संगणकाचें घड्याळ स्फटिकाच्या कंपनांवर चालतें; दिवसाकाठीं सेकंदभर चुकणें त्यास सहज शक्य. म्हणून छपरावर एरियल लावून उपग्रहांचे संदेश घेतात. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरील जी.पी.एस. उपग्रहांत अणुघड्याळें आहेत. चार उपग्रहांचे संदेश एकदम मिळाले कीं ग्राहकयंत्र आपलें स्थान व वेळ दोन्ही काढतें.

हें यंत्र संगणकास दोन गोष्टी देतें. एक अक्षरी संदेश: तारीख, तास, मिनिट, सेकंद. दुसरा नुसता विजेचा ठोका, प्रत्येक सेकंदाच्या आरंभीं एक. लग्नघरीं वावरलेल्या श्रोत्यांस हें चटकन उमगेल. मुहूर्त पत्रिकेंत छापलेला असतो, पण क्षण ठरतो तो अंतरपाट सरतो तेव्हां. संदेश तारेवरून अक्षर-अक्षर करीत येतो. तोंवर सेकंदाचे कांहीं दशांश निघून जातात, आणि तेही दर वेळीं सारखे नव्हेत. ठोक्याची चूक मायक्रोसेकंदाहूनही कमी. कोणता सेकंद हें संदेशानें सांगावें, तो केव्हां लागला हें ठोक्यानें. नुसत्या संदेशावर भिस्त ठेवणारे येथेंच फसतात.

आणखी एक खोंच आहे. १९८० पासून मोजल्या जाणाऱ्या या उपग्रहकालांत लीप सेकंद धरीत नाहींत, त्यामुळें २०१७ पासून तो जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढें आहे. हा फरक उपग्रहच कळवितात. पण नव्यानें चालू केलेल्या यंत्रास तो समजावयास साडेबारा मिनिटांपर्यंत वेळ लागूं शकतो. तोंवर त्याच्या सांगण्यावरून घड्याळ लावूं नये.