भावी शिक्षक आणि त्याचे बालपण



शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणास आपले बालपण आठवावयास सांगितले, म्हणजे तो बहुधा दोहोंपैकी एका रीतीने बोलू लागतो. एक तर त्यास सारेच गोड दिसते. पोळ्याचे सजविलेले बैल, रानातली बोरे. नाही तर हातावर बसलेली छडी आठवून, आपण तसे वागणार नाही, अशी तो प्रतिज्ञा करतो. दोन्ही स्मृती खऱ्याच. परंतु दोहोंतही एक उणीव राहते.

अध्यापनाच्या शिक्षणापर्यंत जो पोचतो, तो शाळेत टिकलेला असतो. त्याची स्मृती ही टिकलेल्याची स्मृती होय. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. त्या दिवसांत धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी राहिलेली व पुढे शाळेत न परतलेली मुलगी त्या स्मृतीत फार तर एक रिकामी जागा असते.

केळापूर, झरी-जामणीकडील कोलाम पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते. ही भाषा द्राविडी कुळातील. पुसद-दिग्रसकडील तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलते. गुरुजींचा शब्दच न कळल्यामुळे असे मूल गप्प बसते. ज्याची मायबोली मराठी, त्या शिक्षकास या मौनाचा अर्थ स्वतःच्या बालपणात सापडत नाही, आणि तो त्या मुलास मंद ठरवून मोकळा होतो.

अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या कोकणातील बालपणाचे चित्र मराठी मनात कायमचे ठसले. मात्र त्याच चित्राच्या मापाने वऱ्हाडातले प्रत्येक मूल मोजू लागणे, हा दोष पुस्तकाचा नव्हे, मोजणाऱ्याचा होय.

मग स्मृती टाकून द्यावी काय? मुळीच नाही. आपले भय, आपला अपमान, कौतुकाची आपली भूक आठवल्यावाचून मुलाचे मन उमगत नाही. परंतु आपल्या आठवणीखाली भावी शिक्षकाने आणखी एक आठवण लिहावी: वर्गातून नाहीशा झालेल्या एखाद्या सोबत्याची. शक्य तर त्यास भेटून, त्याच्याच तोंडून ती ऐकावी.

1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क कायद्याने लाभला आहे. कायदा मुलास शाळेच्या दारापर्यंत आणील. आत त्याचे मौन ऐकणारा कोणी असला, तरच ते तेथे रमेल.