वजनाचा काटा आणि आपली मुलगी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहायक शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय काहींना संकोचाचा वाटेल. मासिक पाळीविषयी एका पुरुष शिक्षकाने कशाला बोलावे, असेही मनात येईल. त्याचे कारण एक चूक आहे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मुलींच्या कबड्डी संघाची जबाबदारी होती. स्पर्धेतील आमच्या गटाला वजनाची मर्यादा ५५ किलो होती. आमच्या संघात नववीतली एक मुलगी चढाईत फार चपळ होती. आदल्या आठवड्यात तिचे वजन ५४ किलो भरले होते. स्पर्धेच्या दोन दिवस आधी पुन्हा काट्यावर उभी केली, तर ५५ किलो ४०० ग्रॅम! मी सर्वांसमोर म्हणालो, "खाण्यावर ताबा ठेव, नाहीतर घरी बस." मुलगी खाली मान घालून निघून गेली. दोन दिवस तिने जेवण जवळजवळ सोडले, पाणीसुद्धा तोडले. वजनात बसली, मैदानात उतरली आणि पहिल्याच डावात चक्कर येऊन पडली.

तिला सावरायला गेलेल्या आमच्या बाईंकडून कळले, की त्याच सकाळी तिची पाळी सुरू झाली होती.

माझी थोरली आपा प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होती. घरी गेल्यावर तिला सारे सांगितले. ती म्हणाली, "अरे, ते वजन चरबीचे नव्हतेच, पाण्याचे होते. चार दिवसांत आपोआप उतरले असते. तू बी. ए. झालास, बी. एड. झालास, पण ज्या मुलींना शिकवतोस त्यांच्याविषयी एवढेही वाचले नाहीस?" त्या दिवसापासून मी वाचू लागलो. जे समजले ते आज आपणांपुढे ठेवतो.

पाळीचे चक्र सरासरी २८ दिवसांचे असते. प्रौढ स्त्रीत ते २१ ते ३५ दिवसांचे, तर वयात आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ४५ दिवसांपर्यंतही असू शकते. पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचा अंतःस्राव वाढतो आणि पाळी जवळ आली की तो झपाट्याने उतरतो. इस्ट्रोजेन या दुसऱ्या अंतःस्रावाचेही चढउतार होतात. या उलथापालथीत शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते. पोट फुगल्यासारखे वाटते, छाती जड होते, सलवारीची नाडी काचते. आतड्यांची हालचाल मंदावल्यामुळे कित्येकींना बद्धकोष्ठही होते. परिणामी काट्यावर अर्धा किलो ते दोन किलो वजन जास्त दिसू शकते. सगळ्याच मुलींत हे सारखे नसते, काहींना फरक जाणवतही नाही. पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत हे जादा पाणी लघवीवाटे निघून जाते आणि काटा पूर्वीच्या जागी येतो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे गणित करू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकलात. उलट एक किलो चरबी अंगावर साठायची, तर गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. म्हणजे रोजचे जेवण जेवून शिवाय आणखी तीन-साडेतीन दिवसांचे जेवण! दोन-चार दिवसांत एवढे कोण खाणार? तेव्हा पाळीच्या तोंडावर वाढलेला किलो पाहून मुलीला "लठ्ठ झालीस" म्हणणे हे गणितातही चूक आहे.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, रोज रोज वजन करू नये. करायचेच तर महिन्यातून एकदा, पाळी संपल्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी न्याहारीपूर्वी आणि त्याच काट्यावर करावे. आकडा वहीत लिहावा व शेजारी पाळीची तारीखही लिहावी. तीन-चार महिन्यांची नोंद पाहिली, की खरे वजन कोणते आणि चार दिवसांचे कोणते, हे मुलीला स्वतःलाच कळते.

दुसरी गोष्ट मिठाची. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे सुकट, खारे बोंबील, लोणचे, पापड, फरसाण यांतूनच ते भरून निघते. निदान या दिवसांत ते पदार्थ कमी करावेत.

तिसरी गोष्ट, पाणी तोडू नये. पाणी सोडल्याने सूज उतरत नाही. चक्कर आणि डोकेदुखी मात्र येते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कधीही घेऊ नयेत.

चौथी गोष्ट, जेवण चुकवू नये. पाळीपूर्वी भूक वाढते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडे, मासळी आणि एखादे फळ पोटभर द्यावे. झेपेल तेवढे चालावे, खेळावे.

उपासमारीचा धोका आपल्या मुलींना अधिक का, तेही सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. दर महिन्याला रक्त जाते, त्याबरोबर लोह जाते, आणि वर आपण ताट मागे सारायला लावतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी जेवणानंतर जरूर घ्यावी. त्यावर लगेच चहा पिऊ नये, जेवणात लिंबू पिळावे.

आणखी एक गोष्ट अदबीने सांगतो. रमजानमध्ये पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करायचे असतात, हे आपण सर्व जाणतो. तरीही कित्येक घरांत अब्बांना किंवा भावाला कळेल म्हणून मुलगी त्या दिवसांतही पाण्याचा घोट न घेता राहते. धर्माने दिलेली सवलत आपल्या संकोचाने काढून घ्यावी, हे योग्य नव्हे. घरातल्या पुरुषांनी न विचारता समजून घ्यावे.

मात्र प्रत्येक वाढ पाण्याचीच असते असे समजू नये. पाळीनंतरही वजन उतरत नसेल, महिन्यामागून महिना वाढत असेल, चेहरा किंवा पाय सुजत असतील, तीन महिने पाळी आली नसेल किंवा रक्तस्राव सात दिवसांहून अधिक टिकत असेल, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा, बीजकोशाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार त्यामागे असू शकतो.

आता त्या मुलीविषयी. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो आणि तिच्या अम्मी-अब्बांसमोर तिची माफी मागितली. पुढच्या वर्षी आम्ही तिला वरच्या गटात खेळवले. सरावाच्या वेळी मी काटा बाहेर काढला, तेव्हा ती सरळ म्हणाली, "सर, या आठवड्यात माझे वजन घेऊ नका. पुढच्या सोमवारी घ्या." मी "बरं" म्हणालो आणि वहीत तिच्या नावापुढे सोमवार लिहिला. बस, एवढेच! हेच एक वाक्य तिला वर्षभर आधी बोलता आले असते, तर ती मैदानावर पडली नसती. ते बोलण्याची हिंमत तिला नव्हती, आणि ती हिंमत माझ्या दरडावण्याने आणखी खचली होती.

तेव्हा मातांनो, मुलीला पाळी येण्याआधीच हे समजावून सांगा. वडिलांनो आणि भावांनो, तिच्या खाण्यावर आणि अंगावर शेरे मारू नका. आणि मुलींनो, काट्यावरच्या एका आकड्यासाठी ताट मागे सारू नका. चार दिवस थांबा, काटा आपोआप खाली येईल.